कंबरदुखी आहे, पिकअप बदलायचीय: कोणती घेऊ?

ओतूरकर_शेतकरी
राम राम मंडळी. टोमॅटो आणि कांदा करतो. माल नारायणगावला, नाहीतर माळशेज उतरून वाशीला. ड्रायव्हर टिकत नाहीत म्हणून गाडी स्वतःच चालवतो. वय ४६, उंची पाच फूट अकरा. एमआरआयमध्ये कंबरेतली एल ४-एल ५ या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, पण गाडी कमी करा. आता गाडी कमी केली तर टोमॅटो काय डोक्यावर नेऊ?

गंमत बघा, भरलेल्या गाडीत एवढा त्रास नाही. माल उतरवून रिकामी परत निघालो की मुरबाड सोडायच्या आत कंबरेत कळ सुरू. डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत मुंग्या, आणि त्यात क्लच दाबायचा म्हणजे डोळ्यांपुढं काजवे. सध्याची गाडी जुनी आहे, नाव घेत नाही. सीटचा फोम कधीच बसलाय.

माल एका खेपेला ५०-५५ क्रेट, म्हणजे टन-सव्वा टन. बजेट दहा-बारा लाख. शोरूमवाला म्हणतो दोन टनाचीच घ्या, उद्या लागेल. मेव्हणा म्हणतो आरामच पाहिजे तर टोयोटाची हायलक्स घे. मेव्हण्याला बोलायला काय जातंय! स्वतः पिकअप चालवणाऱ्यांनीच सांगा.

माळशेज_लाईन
दादा, शोरूमवाल्याचं आधी सोडा. पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजन, जेवढं जास्त तेवढे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कडक. दोन टनाला बसवलेल्या पाट्यांवर तुम्ही टन-सव्वा टन टाकणार आणि येताना तेही नाही. पाटे दबायचेच नाहीत, मग प्रत्येक खड्डा थेट तुमच्या मणक्यात. तुमचा त्रास रिकाम्या गाडीत वाढतो तो यामुळंच. तुमच्या मालाला १३०० किलोचं पासिंग पुरतं.

दुसरं म्हणजे तुम्ही बसता कुठं. इंट्रा, दोस्त या बिननाकाच्या, म्हणजे पुढं बॉनेट नसलेल्या गाड्या. वळायला सोप्या, गावातल्या बोळात झकास, इंट्राचं स्टेअरिंग तर एकदम हलकं. पण त्यात ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवर बसतो. चाक खड्ड्यात गेलं की आधी आपलं बूड उडतं. बोलेरो, योद्धा, डी-मॅक्स या नाकाडवाल्या. त्यात सीट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येते, धक्का तिथं कमी पोचतो. कंबर धरलेल्या माणसानं नाकाडवालीच बघावी, हे माझं मत.

बोलेरो मॅक्स २०२२ ला आली, तिच्यात ड्रायव्हरची सीट वरखाली होते. १.३ टनवाली मिळते. डी-मॅक्सच्या सिंगल केबिनला पुढं कॉइल स्प्रिंग आहेत, पुढून ती कारसारखी चालते, पण बजेट ताणावं लागेल. मेव्हण्यांना सांगा, हायलक्स २०२२ ला आली तेव्हाच चौतीस लाखांच्या घरात होती, आणि मागं तिलाही पाटेच.

पप्पू_गॅरेज
एवढा खर्च कशाला? आहे त्या गाडीचा मागचा एकेक पाटा काढून टाका. लोण्यासारखी चालेल.

माळशेज_लाईन
पप्पूशेठ, भरलेली गाडी माळशेजच्या वळणावर एका अंगाला झुकली की लोणी कळेल. पाटा काढायचा नाही. हवा बघा त्यापेक्षा. बरेच जण मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामे पळतात. कंपनीनं रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगळी सांगितलेली असते, पुस्तकात बघा. आणि येताना रिकामं येऊच नका. खताच्या गोण्या, पेंड, कुणाचं किराणा, काहीही भरा. भाडंही सुटतं.

फिजिओ_ताई
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, माहेर आळेफाट्याकडचं. गाडी कोणतीही घ्या, पण तुमच्या उंचीला एक गोष्ट आधी तपासा. सिंगल केबिनमध्ये सीटच्या मागं लगेच पत्रा असतो. सीट पूर्ण मागं घेऊन क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि बूड सीटवरून पुढं सरकता कामा नये. सरकत असेल तर प्रत्येक गिअरला कंबर पिळवटते. तुमचा त्रास नेमका डाव्या पायाला आहे, म्हणून क्लच किती जड आहे ते सीटच्या कव्हरापेक्षा महत्त्वाचं. पाठ अगदी काटकोनात नको, शंभर-एकशेदहा अंशात रेलायला जागा हवी. पट्टा बांधतो त्या उंचीवर टॉवेलची गुंडाळी ठेवा. मागच्या खिशातलं पाकीट काढा, त्यानं कंबर तिरकी बसते.

आणि वाशीला पोचल्या पोचल्या क्रेट उचलू नका! तासन्‌तास बसून, हादरे खाऊन गादीवर ताण आलेला असतो. आधी दहा-पंधरा मिनिटं चाला, हमाल उतरवू देत.

लघवीवर ताबा राहिनासा झाला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर गाडी-बिडी सगळं सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ओतूरकर_शेतकरी
ताई, पाकिटाचं कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या पाकिटात पैसे कमी आणि आडतीच्या पट्ट्या जास्त, जाडजूड झालंय.

१.३ टनवाल्या नाकाडवालीचा डेमो मागितला. रिकामीच द्या म्हटलं तर सेल्समन बघतच राहिला. म्हणतो, लोक भरून चढावर पळवून बघतात. मी म्हटलं, मला ओतूर ते माळशेजचा बोगदा आणि परत, रिकामी, माझ्या टायमानं. कबूल झालाय. सीट वरखाली होते, पण मागं किती सरकते ते कागदावर दिलेलं नाही, बसूनच बघणार.

एक राहिलंच. सीटचा फोम कंपनीचाच ठेवू की नारायणगावला कडक भरून घेऊ?

फिजिओ_ताई
आधी कंपनीच्याच सीटवर दोन तास चालवून बघा. फार कडक फोम भरला की दोन इंच उंच बसाल, मग डोकं छताला आणि मान वाकडी. भरायचाच झाला तर मांडीखालच्या भागात भरा, कंबरेमागं टॉवेलच पुरे.