पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ... हे डोक्यात ठेवायचं कसं?

गोंधळेकर:
नमस्कार मंडळी. इंग्लिश वाचून कळतं, व्याकरणही बऱ्यापैकी येतं, पण हे पुट, गेट, टेकवाले प्रकार आले की माझी विकेट पडते. दोन महिने झाले नुसत्या पुटची यादी पाठ करतोय, वहीत चाळीसेक झालेत. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे हे घोकून घोकून बसवलं आणि परवा एका गोष्टीत वाक्य आलं, 'द स्मेल पुट मी ऑफ'. मी अर्थ लावला, वासाने मला पुढे ढकललं!! त्यात पुटचा भूतकाळ पण पुटच, म्हणजे तिकडूनही काही मदत नाही. त्याआधी एकदा फोनवर पलीकडची बाई म्हणाली 'आय विल पुट यू थ्रू', मी आपला थ्रू व्हॉट, थ्रू व्हॉट करत बसलो, तोवर तिने फोन जोडूनही दिला आणि माझं शेवटचं थ्रू व्हॉट थेट साहेबांच्या कानात. पाठांतर सोडून काही मार्ग आहे का याला?

शब्दखोर:
ती यादी आधी फाडून टाका. आता बघा, मी 'फाडून टाका' म्हटलं, यात टाकायचं काय होतं? तरी तुम्हाला बरोब्बर कळलं ना. आपण मार खातो, भाव खातो, बोलणी खातो, एखाद्याचं डोकं खातो, पोटात यातलं काहीच जात नाही आणि खाणेचे अर्थ म्हणून यादी कुणी पाठ केली नव्हती.
माझं मत असं की पुटकडे बघूच नका, ते बिचारं नुसतं हमाल आहे, खरा माल मागच्या छोट्या शब्दात असतो. ऑफ म्हणजे ढोबळमानाने 'दूर, लांब'. मीटिंग पुट ऑफ केली म्हणजे तारीख लांब गेली. वासाने पुट ऑफ केलं म्हणजे मन लांब गेलं, आपल्याकडे मन उडालं म्हणतात तसं. आउट म्हणजे बऱ्याचदा 'संपलं, गेलं', म्हणून पुट आउट द फायर म्हणजे आग विझवली, रन आउट म्हणजे संपलं (क्रिकेटमधलं वेगळं). अप म्हणजे कितीतरी वेळा 'पूर्ण', ईट अप म्हणजे खाऊन टाक, यूज अप म्हणजे वापरून संपव. हे एकदा दिसायला लागलं की निम्मं ओझं उतरतं.

निवांत_मी:
शब्दखोर, थिअरी छान आहे पण मग पुट अप विथचं काय करायचं? सहन करण्यात काय पूर्ण होतं? उलट 'ही पुट मी अप फॉर द नाइट' म्हणजे त्याने मला रात्री घरी ठेवून घेतलं, आणि त्यात विथ घुसवून 'ही पुट अप विथ मी' केलं की त्याने मला सहन केलं. पाहुण्यांना दोन्ही लागू पडतं हा भाग वेगळा 😄
आणि सगळे अर्थ यायलाच पाहिजेत असं मनावर घेऊ नका हो. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत एकट्या सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, पुढे त्यांनी रन नव्याने लिहायला घेतलं तेव्हा ते ६४५ वर गेलं. इंग्रजांना तरी कुठे सगळे येत असणार.

शब्दखोर:
मान्य, तीन शब्दांचे प्रकार मी पण अख्खेच गिळलेत. पुट अप विथ, गेट अवे विथ, लुक फॉरवर्ड टू. तिथे माझी थिअरी चालत नाही.

मास्तरीण:
मी शिकवते म्हणून थोडं लांबण लावते. अर्थ पाठ केला तरी बोलताना माणसं अडकतात ती 'इट' कुठे ठेवायचं यावर. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतं, पण मीटिंगच्या जागी इट आलं की ते मध्येच बसणार, पुट इट ऑफ. 'लुक आफ्टर'चं मात्र उलटं, ते फोडता येत नाही, लुक आफ्टर इट असंच. ओळखायचं कसं तर कानाने. पुट इट ऑफ म्हणताना जोर ऑफवर येतो, लुक ॲट इट म्हणताना जोर लुकवर. ऐकताना एवढंच पकडा, बरंचसं सुटतं.
म्हणून वहीत अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, त्यात माणूस आणि वस्तू दोन्ही हव्यात. तुमचा तो फोनचा किस्साच लिहा की, पुट यू थ्रू जन्मात विसरणार नाही तुम्ही.
अजून एक. ऑफिसच्या पत्रात पुट ऑफऐवजी पोस्टपोन, पुट अप विथऐवजी टॉलरेट बरं दिसतं, ते लॅटिनमधून आलेले भारदस्त शब्द. आपण नाही का, घरात आग विझवतो आणि कागदावर अग्निशमन करतो. पण म्हणून बोलताना पोस्टपोन पोस्टपोन करत बसलात तर पुस्तकी वाटेल.

गोंधळेकर:
मास्तरीणबाई, शब्दखोर, निवांत, तिघांनाही धन्यवाद. फाडून टाका आणि अग्निशमन दोन्ही डोक्यात फिट बसलं. वाक्यांची नवीन वही आजच सुरू करतो, खरं तर असं काहीतरी करायचं गेल्याच महिन्यात ठरवलं होतं बट आय पुट ऑफ इट.

मास्तरीण:
पुट इट ऑफ.

गोंधळेकर:
🙈 हेच वाक्य नंबर एक.