वाळूचोरी, नदीपलीकडची हद्द आणि चार खाती: सगळ्यांनी मिळून काम केलं तर गुन्हे थांबतील का?

गोदाकाठ (गेवराई)
पहाटे तीनला आमच्या घरात ट्रॅक्टरचा आवाज येतो. नदीत केनी, म्हणजे ट्रॅक्टरनं वाळू ओढायचं औजार, लावलेली असते. केनीनं ओढलेली वाळू काठावर पडते आणि तिथून हायवा ट्रक भरतो. फाट्यावर लोकेशन देणारी पोरं मोटारसायकली लावून बसलेली असतात. तहसीलची गाडी निघाली रे निघाली की नदीत फोन पोचतो. पथक येईस्तोवर ट्रॅक्टर पाण्यातून पलीकडं गेलेला असतो. पलीकडं अंबड तालुका, म्हणजे जालना जिल्हा. पथक अलीकडच्या काठावर उभं राहतं आणि परत जातं.

मी ठाण्यात फोन केला तर म्हणाले, वाळू म्हणजे गौण खनिज, ते महसूलचं काम. महसूलला केला तर म्हणाले, बंदोबस्त मिळाला की येतो. हायवाला नंबरप्लेट नसते, ते बघणं आरटीओचं काम. उपशाचे खड्डे इतके खोल झालेत की पोरांना नदीवर पाठवायचं आम्ही बंद केलंय.

माझं म्हणणं एवढंच: या खात्यांवर एकत्र काम करायची लेखी, कायद्याची सक्ती हवी. ब्रिटनमध्ये 1998 च्या कायद्यानं पोलीस आणि स्थानिक परिषद या दोघांवर मिळून गुन्हे कमी करण्याची जबाबदारी टाकली. अग्निशमन आणि आरोग्यवाले नंतर त्यात आले. परिषदेनं दिवे, रस्ते, घरं असं कुठलंही काम करताना त्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम होईल याचा विचार करायचा, असं त्या कायद्यात लिहिलंय. आपल्याकडं असं का नको?

लातूरकर
मनापासून विरोध. बारभाईच्या शेतीत पीक कुणाच्याच घरात येत नाही. 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मी गावातच होतो. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक सगळे एका समितीत. पहिली दोन-तीन वर्षं खरंच बांधाचे वाद गावात मिटले. मग समितीच्या अध्यक्षपदावरूनच दोन गट पडले आणि आता समिती ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फलकावर उरलीय. आज चोरी झाली तर जाब विचारायला निदान ठाणेदार सापडतो. उद्या विचारलं तर म्हणतील, समितीत विषय ठेवलाय.

शिवाय कायदा कमी आहे कुठं? वाळूचोरीत गौण खनिजाच्या दंडासोबत चोरीचाही गुन्हा नोंदवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्येच सांगितलंय. म्हणजे 'महसूलचं काम' हे उत्तरच चुकीचं. त्या अधिकाऱ्याला धरा, नवी समिती कशाला?

निवृत्त तलाठी (परभणी)
लातूरकर, कागदावर तुमचं बरोबर. पण रात्री दोन वाजता मी आणि कोतवाल असे दोघंच नदीत उभे होतो. समोर नऊ माणसं. हातात टॉर्च आणि पंचनाम्याचे कोरे कागद. त्या रात्री मी वाहन सोडून दिलं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

हद्दीचं ऐका. आरोपीच्या मागं पोलीस देशात कुठंही जाऊ शकतात. तहसीलदाराचा अधिकार मात्र त्याच्या तालुक्यात संपतो. म्हणून पथकात पोलीस पाहिजेच. वर गेलात तर आणखी गुंता. महसूलला मराठवाड्याचे आठही जिल्हे एका विभागीय आयुक्तांखाली, पण पोलिसांची परिक्षेत्रं दोन. बीड छत्रपती संभाजीनगरकडं, परभणी नांदेडकडं. मधून गोदावरी वाहते. माजलगावचा हायवा पाथरीत शिरला की सांगायचं कुणी कुणाला?

वाळूतस्करावर एमपीडीए, म्हणजे स्थानबद्ध करायचा कायदा, लावायचा तरी ठाण्यातून प्रस्ताव जातो आणि आदेशावर सही जिल्हाधिकाऱ्यांची. कायद्यानंच दोघांना एकत्र बांधलंय. फक्त ते सहीपुरतंच भेटतात.

अंगणवाडीची ताई (पाटोदा)
वाळूचं मला कळत नाही, बालविवाहाचं सांगते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, मदतीला आम्ही. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत लग्नं उरकतात, कारण वयात आलेली लेक मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची?

एका रविवारी पहाटे 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर कुणीतरी कळवलं. पोलीस आले, ग्रामसेवक आले. मुलीचे वडील म्हणाले, एकोणीस पूर्ण आहे. शाळा बंद, हेडमास्तर तालुक्याला राहतात. हळद लागलेली पोर दाराआड उभी. हेडमास्तरांनी शिपायाला किल्ली घेऊन धाडलं, त्यानं रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. वय पंधरा. तोवर अर्धा तास गेला होता, वरात वेशीपाशी आली होती. तो शिपाई नसता तर चार खाती दारात उभी राहूनही लग्न लागलं असतं. एकत्र येण्याला माझा पाठिंबा आहे, पण शाळेला कुणी त्यात धरतच नाही.

लातूरकर
ताई, तुमचं वाचून थांबलो. पण तुमच्याकडं ग्रामसेवकाचं पद कायद्याच्या नियमात लिहिलंय, म्हणून तो आला. जबाबदार कोण ते ठरलेलं असेल तर मदतीला दहा खाती येऊ देत, माझं काही म्हणणं नाही.

वाळूत मात्र एक भीती राहतेच. आज धाडीची बातमी एका खात्यातून फुटते. उद्या चार खात्यांना आधी कळवलं तर चार ठिकाणांहून फुटेल.

गोदाकाठ (गेवराई)
फुटते, खरंय. म्हणून धाड आधी कळवू नका, नोंद एकत्र ठेवा. कुठला हायवा कितव्यांदा सापडला, मालक कोण, दंड भरला का, हे ठाणं, तहसील आणि आरटीओ तिघांना एकाच वहीत दिसलं पाहिजे. आज तोच हायवा एका तालुक्यात दंड भरतो आणि दुसऱ्यात पहिल्यांदा सापडला म्हणून लिहिला जातो. आणि लातूरकर, तुमचा मुद्दा घेतो: जाब देणारा एकच असावा, उपविभागीय अधिकारी.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. अंबड-घनसावंगीकडचं कुणी वाचत असेल तर तुमच्या गावातही मांडा. दोन्ही ठराव एकाच दिवशी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना देऊ.

पलीकडचा काठ (घनसावंगी)
मांडतो. आमच्याकडं तर बोटी लावून उपसा चालू आहे. पण ठरावावर सूचक म्हणून माझं नाव येईल. त्या रात्री घरासमोर गाडी येऊन थांबली तर दोन्ही काठांपैकी कुठलं ठाणं निघेल, एवढं सभेआधी ठाणेदारांशी बोलून ठेवा. मीही आमच्याकडं विचारतो.