प्रभूसाठी काम आणि कंपनीसाठी काम, यांत फरक कसा करावा?

प्रश्न (गुणवत्ता तपासनीस, इंदूर)

सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मागच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी बायबलमधले, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन (3:23) घेतले होते: "जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा." हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे. अडचण अशी की झोकून द्या, घड्याळाकडे पाहू नका, हे आमचे साहेबही रोज सांगतात, आणि कधी कधी वेदीवरचा आवाज व कारखान्यातला आवाज यांत मला फरकच कळेनासा होतो.

एक उदाहरण देते. गोळीतले औषध किती वेळात द्रावणात उतरते हे पाहण्यासाठी आम्ही सहा गोळ्या सहा भांड्यांत सोडतो. द्रावण 37 अंश सेल्सिअसला ठेवावे लागते, आणि प्रत्येक भांड्याचे तापमान वेगवेगळे मोजून तिथल्या तिथे नोंदवावे लागते. माल पाठवण्याची घाई असली की वरिष्ठ म्हणतात, एकाचे मोजा आणि सहाही रकान्यांत तेच लिहा, फरक अर्ध्या अंशाचाही निघत नाही. बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरेही असते. तरी मी सहाही मोजते आणि त्यामुळे विभागात 'संथ' म्हणून ओळखली जाते. त्याच पत्रात एक ओवी आधी धन्यांच्या आज्ञा "सर्व बाबतींत" पाळण्यास सांगितले आहे, ते इथे लागू होते का? शिवाय घरचे म्हणतात, एवढी तळमळ असेल तर मिशनच्या दवाखान्यात जा, खरी सेवा तिथे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (निवृत्त शिक्षक, इंदूर)

ताई, हे वचन कोणाला उद्देशून आहे ते आधी पाहावे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल इथे दासांशी बोलतो आहे. ज्यांना पगार नाही, बढती नाही, नोकरी सोडण्याची मुभाही नाही, अशा माणसांना तो सांगतो की तुमच्या हातच्या कामाचा खरा धनी दुसराच आहे. त्यामुळे उत्पादन वाढवण्याची घोषणा म्हणून हे वचन भिंतीवर टांगणाऱ्यांनी पुढच्याच अध्यायाची पहिली ओवीही वाचायला हवी. तिथे धन्यांना दासांशी न्यायाने व समतेने वागण्याची आज्ञा आहे, कारण त्यांनाही स्वर्गात धनी आहे. उपदेशात ही ओवी मी फार क्वचित ऐकली आहे.

"सर्व बाबतींत" या शब्दांना त्याच वाक्यात मर्यादा घातलेली आहे. तोंडदेखली चाकरी करू नका, प्रभूची भीती बाळगून करा, असे ते वाक्य पुढे जाते. न मोजलेले तापमान लिहिणे हीच मुळात तोंडदेखली चाकरी आहे. कागद तपासणाऱ्याला रकाने भरलेले दिसतात आणि गोळी घेणाऱ्या रुग्णाला त्यातले काहीच दिसत नाही. राजदरबारी अधिकारी असलेल्या दानिएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचा. त्याच्या शत्रूंनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली, ती सापडली नाही, म्हणून मग त्यांना त्याच्या उपासनेवर घाव घालावा लागला. काम चोख असणारा माणूस एका जागी 'नाही' म्हणतो, तेव्हा त्याला आळशी ठरवणे अवघड जाते.

दवाखान्याविषयी थोडक्यात सांगतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने 1520 साली ठामपणे मांडले होते की चांभार, लोहार, शेतकरी यांचे काम पाळकाच्या कामापेक्षा खालच्या पायरीचे नाही. दवाखान्यात जावेसे वाटले तर अवश्य जा, पण कारखान्यातली सेवा खोटी आहे असे समजून जाऊ नका. त्या दवाखान्यातल्या गोळ्याही कोणीतरी तपासलेल्या असाव्या लागतात.

उत्तर 2 (वारकरी घरातला वाचक, इंदूर)

मी ख्रिस्ती नाही, परंतु या चर्चेत एक भर घालावीशी वाटते. मूळ पेशाने चांभार असलेल्या इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपुरातून 1805 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि 1811 मध्ये नव्या कराराचा मराठी अनुवाद छापला. त्यांच्या मराठीच्या कामामागे वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य होते. पंडितजी ख्रिस्ती नव्हते. तेव्हा उत्तम काम ही एका धर्माची मक्तेदारी समजू नये. आमच्या सावता माळ्यालाही विठ्ठल मळ्यातच भेटला.

उत्तर 3 (लेथ कारखानदार, सांवेर रोड)

वरच्या वाचकांशी मी सहमत आहे, आणि त्यांचे म्हणणे पवित्र शास्त्राच्या विरुद्धही जात नाही. उत्तम काम कोणाच्याही हातून होते. विश्वासाने फरक पडतो तो काम कोणाला दाखवायचे, आणि कुठे थांबायचे, या दोन बाबतींत. दुसऱ्या बाबीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली, आठवड्यातून एक दिवस विश्रांती घेण्याची आज्ञा दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परका, या सर्वांना लागू आहे. म्हणजे ती मुख्यतः मालकाच्या हाताला लगाम घालते. मी स्वतः मालक आहे, म्हणून ती मला टोचते. सलग दुसऱ्या पाळीला उभा राहिलेला कारागीर व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) चुकीचा वाचतो आणि अख्खा लॉट भंगारात जातो. 'काम हीच उपासना' हे वाक्य मला मुळीच आवडत नाही, कारण त्याच्या आडून रविवारही कामाला जुंपला जातो. घड्याळ न पाहणे म्हणजे जिवेभावे काम करणे, असे त्या वचनात कुठेही म्हटलेले नाही.

ताई, आता व्यवहाराचे बोलतो. सहा भांडी मोजायला नेमका किती वेळ लागतो याची नोंद ठेवा आणि तेवढा वेळ चाचणीच्या वेळापत्रकात धरावा, अशी लेखी विनंती करा. अर्जात शास्त्रवचन घालू नका. कारखान्याच्याच कार्यपद्धतीतले कलम घाला. तुम्ही जे मागता आहात ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेले असणार. तरीही एकाचेच मोजा असे सांगितले गेले, तर ते लेखी द्या म्हणावे. तसे लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. कार्यपद्धतीत ते कलम खरोखरच आहे, प्रत्येक भांड्यासाठी स्वतंत्र नोंद असे स्पष्ट शब्दांत. सोमवारी अर्ज देते. दवाखान्याचा विचार अजून मनातून गेलेला नाही, पण तो आता या प्रश्नापासून वेगळा ठेवणार आहे.