टायट्रेशनवरून पीकेए: अर्ध्यावर ४.६८, सुरुवातीच्या पीएचवरून ४.८५. धरायचा कोणता?

प्रश्न

असेटिक ॲसिडचा पीकेए (आम्लाच्या विचरण स्थिरांकाचा, म्हणजे केएचा, ऋण लॉग) काढायला त्याचं २५.०० मिली द्रावण ०.१००० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केलं, तापमान २५ अंश. पीएच मीटर ४.०१ आणि ७.०० च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर) लावून घेतला होता. ब्यूरेटमधून सोडलेले मिली आणि पीएच असे:

०.०० – २.९३
१०.०० – ४.५२
१२.५० – ४.६९
१५.०० – ४.८७
१८.०० – ५.११
२०.०० – ५.३१
२४.५० – ७.००
२५.०० – १०.८०

उडी २४.५० ते २५.०० च्या दरम्यान आहे म्हणून समतुल्य बिंदू (जिथे सगळं आम्ल नेमकं संपतं) २४.७५ धरला. त्याच्या निम्म्याला, म्हणजे १२.३७ मिलीला, पीएच ४.६८ येतो, आणि निम्म्यावरचा पीएच म्हणजेच पीकेए. सुरुवातीच्या २.९३ वरून काढलं तर पीकेए ४.८५. पुस्तकात ४.७६ आहे. समतुल्य बिंदू चुकल्यामुळे असं होतंय का?

उत्तर १

२.९३ चा आकडा आधी बाजूला ठेवा. तिथे केए काढताना हायड्रोजन आयनाच्या संहतीचा वर्ग येतो, त्यामुळे पीएचमधली चूक पीकेएमध्ये दुप्पट होते. तुमच्या संहतीला (सुमारे ०.०९८५ मोलर) पीएच २.८८ यायला हवा होता. ०.०५ जास्त आला, पीकेए ०.१० ने वर गेला. शिवाय २.९३ तुमच्या दोन बफरांच्या टप्प्याबाहेर आहे. तिथलं वाचन हवंच असेल तर १.६८ चा बफरही लावा.

समतुल्य बिंदूवर मात्र उगाच संशय घेताय. अर्ध्या बिंदूजवळ वक्र सगळ्यात सपाट असतो, एका मिलीला जेमतेम ०.०७ पीएच. समतुल्य बिंदू अर्धा मिली चुकला तरी अर्धा बिंदू पाव मिलीनेच सरकतो, म्हणजे फरक ०.०२ च्या आत. ०.०८ ची तफावत त्यातून निघत नाही.

उत्तर २

तफावत ॲक्टिव्हिटीची (आयनांच्या प्रत्यक्ष परिणामकारक संहतीची) आहे. पुस्तकातला ४.७६ अनंत विरलतेचा, म्हणजे आयन जवळजवळ नसलेल्या द्रावणाचा. तुमच्या अर्ध्या बिंदूला ३७.३७ मिलीत १.२३७ मिलिमोल सोडियम आहे, म्हणून आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातल्या आयनांचं एकूण प्रमाण) ०.०३३. डेव्हिसच्या समीकरणाने असेटेट आयनाचा लॉग गॅमा (गॅमा म्हणजे ॲक्टिव्हिटी भागिले संहती) −०.०७ येतो. मीटर हायड्रोजन आयनाची ॲक्टिव्हिटी दाखवतो, पण आपण असेटेटची संहती धरतो, म्हणून वाचन तेवढंच खाली येतं. ४.६८ + ०.०७ = ४.७५. मीटरची अचूकता ±०.०२ धरली तर यापेक्षा जवळ जाता येणार नाही. तापमानाकडे पाहू नका, असेटिक ॲसिडचा पीकेए २५ अंशांच्या आसपास जवळजवळ हलत नाही.

प्रश्नकर्ता

म्हणजे ४.६८ चूक नव्हताच. पण २४.७५ हा अंदाजच आहे. पुन्हा टायट्रेशन न करता तो सुधारता येईल का?

उत्तर ३

येईल. ग्रान आलेख काढा (गुन्नर ग्रान यांनी १९५२ मध्ये मांडलेली पद्धत). प्रत्येक वाचनाला आकारमान (ब्यूरेटमधून सोडलेले मिली) × १०^−पीएच काढायचं आणि ते आकारमानासमोर मांडायचं. तुमच्या आकड्यांवरून:

१५.०० → २०.२ × १०^−५
१८.०० → १४.० × १०^−५
२०.०० → ९.८ × १०^−५

तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत बसतात. चढ −२.०९ × १०^−५, म्हणजे त्या द्रावणातला केए २.०९ × १०^−५ आणि पीकेए ४.६८. रेषा आडव्या अक्षाला २४.७ ला छेदते. २४.५० चं वाचन याच चढाने तपासलं तर उरलेलं आकारमान ०.१२ मिली, म्हणजे समतुल्य बिंदू २४.६२. मी २४.६२ घेईन, कारण तिथून रेषा फार लांब ओढावी लागत नाही. अट एकच: अल्कात (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) कार्बोनेट नसावं, नाहीतर पीएच ७ च्या आसपासची वाचनं बिघडतात.

ग्रानमध्ये पहिले काही मिली घेऊ नका. तिथे आम्लाच्या स्वतःच्या विचरणातून आलेलं असेटेट हिशेबात धरलेलं नसतं. पुढच्या वेळी २४ मिलीनंतर ०.०५ ते ०.१० मिलीच सोडा आणि आकडा स्थिरावल्यावरच टिपा. उडीजवळ इलेक्ट्रोडला वेळ लागतो.

उत्तर ४

कार्बोनेटसाठी: पाणी उकळून झाकून गार केलेलं घ्या, अल्काच्या बाटलीवर सोडा लाइमची नळी बसवा आणि संहती पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर नव्याने ठरवा.

आणखी एक, कारण हीच पद्धत लोक कुठल्याही आम्लाला लावतात. अर्ध्या बिंदूला पीएच म्हणजेच पीकेए, हे क्लोरोअसेटिकसारख्या (पीकेए २.८७) आम्लाला चालत नाही. ०.०१ मोलर आम्ल तेवढ्याच संहतीच्या अल्काने टायट्रेट केलं तर अर्ध्या बिंदूला पीएच ३.०९ च्या आसपास येतो, ॲक्टिव्हिटी सोडून दिली तरी. तिथे मीठ (आम्लाचा क्षार) आणि आम्ल समसमान नसतात. मिठाच्या संहतीत हायड्रोजन आयनाची संहती मिळवायची, उरलेल्या आम्लातून तितकीच वजा करायची आणि मग केए काढायचा. तुमच्या असेटिकला या दुरुस्तीची गरज नाही.