ताणाचं बिल दाताच्या डॉक्टरकडे आलं

‘ताण आला तर आला, त्याला पैसे थोडेच पडतात’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि माझी जीभ आपोआप दाढेकडे गेली. मार्च एंडिंगला झोपेत दात इतके खाल्ले की कॅपला तडा गेला. डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न, “ऑफिसात काय चाललंय?” नवी कॅप आणि रात्री दातांवर घालायचा गार्ड, दोन्हींच्या पैशांत इथे बडोद्यात आमचा दोन महिन्यांचा किराणा आला असता. शिवाय रात्री अकराला मागवलेला पिझ्झा, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, कापलेल्या रजा. हे कुणी मांडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नैराश्य आणि चिंतेपायी जगात वर्षाला १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात.

उपायाला महागडं शिबिर कशाला? आपली कमाटी बाग आहे की, सयाजीरावांनी १८७९ मध्ये केलेली. सकाळी दोन फेऱ्या मारते, मग बाकावर बसून चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. (पहिला आठवडा आकडे मोजताना ऑफिसचेच आकडे आठवायचे, ते सोडा.) आता सकाळी जबडा दुखत नाही. गार्ड मात्र रोज घालते, पैसे मोजलेत ना त्याचे!