मदत हवी आहे: जावा ॲप सर्व्हरवर चालू आहे, पण बाहेरून उघडत नाही (तातडीचं)

कृष्णाकाठ
गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांची यादी आणि देवघेव सांभाळणारं छोटं ॲप केलंय, स्प्रिंग बूटमध्ये (जावात वेब ॲप लिहायचा सांगाडा). माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतं. क्लाउडवर मशीन घेतलं, जार (ॲपची तयार फाइल) टाकली, चालू केली, लॉगमध्ये एकही एरर नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की मात्र उघडतच नाही. पोर्ट (ॲपपर्यंत पोचायचं क्रमांकाचं दार) उघडलेलं आहे, त्यामुळे ते कृपया सांगू नका. परवा कार्यकारिणीची सभा आहे आणि तिथे हे दाखवायचंय. काही सभासद आताच म्हणताहेत की वह्याच बऱ्या होत्या. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा.

पोर्टवाला
उघडत नाही म्हणजे नेमकं काय होतं? लगेच नकार येतो की बराच वेळ नुसतं चक्र फिरतं? 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) मशीनपर्यंत पोचतंय, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर कुणीतरी पॅकेट परस्पर टाकून देतंय. दोन्हींत शोधायची जागा वेगळी असते. एररचे शब्द जसेच्या तसे लिहा. शिवाय मशीनवर कोणतं लिनक्स आहे, जावा कितवं आहे, पत्ता टाकताना पोर्ट लिहिताय का, आणि 'पोर्ट उघडलं' म्हणजे कुठे उघडलं?

जुना_टॉमकॅट
जार चालवण्यापेक्षा वॉर फाइल करा आणि वेगळ्या टॉमकॅटमध्ये (जावा ॲप चालवणारा वेब सर्व्हर) टाका. आमच्या ऑफिसात अनेक वर्षं सगळं असंच चालतं. लॉग वेगळे, पोर्ट एका फाइलमध्ये, कुठे काय आहे ते डोळ्यांना दिसतं. जारच्या आत काय चाललंय ते कळतच नाही.

गोदाकाठ
@जुना_टॉमकॅट, स्प्रिंग बूटच्या जारमध्ये नेहमीच्या वेब स्टार्टरबरोबर टॉमकॅटच येतो हो. वॉर केलं तरी पॅकेट त्याच वाटेनं येणार. परवा सभा आहे, त्यांना आता मांडणी बदलायला लावू नका.

@कृष्णाकाठ, ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हर डॉट ॲड्रेस असं काही लिहिलंय का? तिथे १२७.०.०.१ असेल तर ॲप फक्त त्याच मशीनला उत्तर देईल. काही नमुना प्रकल्पांत ती ओळ असते आणि तशीच कॉपी होते.

कृष्णाकाठ
असं काही लिहिलेलं नाही. पोर्ट ८०८०. उबुंटू २२.०४, जावा १७. पोर्ट क्लाउडच्या वेबसाइटवर जाऊन उघडलं, इनग्रेस (आत येणाऱ्यांच्या) नियमात ०.०.०.०/० (म्हणजे कुठूनही) आणि ८०८०. ब्राउझर फक्त 'साइट उघडू शकत नाही' म्हणतो. पत्ता पोर्टसकट टाकतेय, तेवढं मला कळतं. एसएसएचनं (दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडून) त्याच मशीनवर व्यवस्थित जाता येतं, म्हणजे मशीन चालू आहे.

न्यूजर्सीकर
मशीनवर एसएस -एलटीएनपी चालवून बघा, कोण कोणत्या पोर्टवर ऐकतंय ते दिसतं. ८०८० समोर *:८०८० दिसत असेल तर जावा आयपीव्ही६ वर (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) बसलाय. जावा चालवताना -डीजावा.नेट.प्रेफरआयपीव्ही४स्टॅक=ट्रू द्या. आमच्याकडे याच एका फ्लॅगनं काम झालं होतं.

कृष्णाकाठ
हो, *:८०८० असंच आहे! आणि शेवटी जावाचं नाव. फ्लॅग देऊन बघते.

पोर्टवाला
द्यायला हरकत नाही, पण त्यानं हे सुटणार नाही. जावा लिनक्सवर आयपीव्ही६ चं सॉकेट उघडतो आणि 'हे सॉकेट फक्त आयपीव्ही६ साठी' असं सांगणारी बाइंडव्ही६ओन्ली ही सेटिंग मुळात शून्य असते, म्हणून त्याच सॉकेटवर आयपीव्ही४ ची कनेक्शनंही येतात. *:८०८० दिसणं ही चांगली खूण आहे. ॲप सगळ्या पत्त्यांवर ऐकतंय, म्हणजे गोदाकाठ यांची शंका मिटली. आता लॅपटॉपच्या टर्मिनलमधून कर्ल -व्ही (टर्मिनलमधून वेब पत्ता मागवायची आज्ञा) लावून तोच पत्ता मागा आणि शेवटची ओळ इथे टाका. ब्राउझर बहुतेक एररना वर तेच वाक्य दाखवतो, त्यावरून काही ठरत नाही.

न्यूजर्सीकर
'सुटणार नाही' हे इतकं ठामपणे कसं म्हणता? मी स्वतःच्या डोळ्यांनी सुटलेलं पाहिलंय. फ्लॅगआधी बंद, फ्लॅगनंतर चालू.

पोर्टवाला
तुमच्याकडे सुटलं असेल, नाही म्हणत नाही. आयपीव्ही६ अर्धवट बंद केलेल्या मशीनवर किंवा जुन्या जावाबरोबर बाइंडव्ही६ओन्ली कुणी एक करून ठेवलं असेल तिथे हा फ्लॅग उपयोगी पडतो. इथे तसं आहे का ते आधी बघू. मशीनच्या आतून कर्ल -४ लावून १२७.०.०.१:८०८० मागवा. उत्तर आलं तर आयपीव्ही४ चा प्रश्न उरला नाही.

सह्याद्री_डेव्ह
जावा डीएनएसचं (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) उत्तर कायमचं लक्षात ठेवतो! मशीनचा आयपी बदलला तरी जुन्याच पत्त्यावर जात राहतो. नेटवर्कॲड्रेस.कॅश.टीटीएल कमी करा.

गोदाकाठ
ते जावा दुसऱ्या सर्व्हरला हाक मारतो तेव्हाचं. इथे लोक जावाकडे येताहेत. आणि कायमचं लक्षात ठेवणं सिक्युरिटी मॅनेजर लावला असेल तर. एरवी ते उत्तर ३० सेकंद धरलं जातं.

कृष्णाकाठ
फ्लॅग दिला, काही फरक नाही. मशीनच्या आतून कर्ल -४ लावलं तर आमचं मुखपृष्ठ येतं, २०० (म्हणजे सगळं ठीक). मशीनच्या खासगी आयपीवर कर्ल केलं तरी २००. लॅपटॉपवरून, तोही उबुंटूच आहे, हे आलं:

कनेक्ट टु ... पोर्ट ८०८० फेल्ड: नो रूट टु होस्ट

मग वाटच नसेल तर क्लाउडवाल्यांना कळवू का? की माझ्या वायफायचा दोष?

पोर्टवाला
थांबा, कुणाला कळवू नका. हेच हवं होतं. याच लॅपटॉपवरून याच आयपीवर तुम्ही एसएसएचनं जाता, म्हणजे वाट आहे. लिनक्सवर हे वाक्य आणखी एका कारणानं येतं. पलीकडच्या फायरवॉलनं पॅकेट गुपचूप न टाकता 'इथे मनाई आहे' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप परत पाठवला की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याचं भाषांतर 'नो रूट टु होस्ट' असं करतो. जावाच्या क्लायंटमध्ये हेच नोरूटटुहोस्टएक्सेप्शन म्हणून दिसतं आणि माणसं राउटर तपासत बसतात.

क्लाउडच्या वेबसाइटवरचा नियम अडवत असता तर बहुधा टाइमआउट आला असता. म्हणजे तुम्ही तिथे पोर्ट नीट उघडलंय. अडवणारी दुसरी फायरवॉल मशीनच्या पोटात आहे. आणि आतून केलेलं कर्ल तिला लागतच नाही, कारण स्वतःच्या खासगी आयपीवर गेलं तरी ते पॅकेट लूपबॅकवरूनच (मशीनच्या आतल्या आत) फिरतं.

कृष्णाकाठ
मशीनवर फायरवॉल नाही. सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस केलं, 'इनॲक्टिव्ह' आलं.

पोर्टवाला
यूएफडब्ल्यू हे नियम लिहायचं एक साधन आहे. ते बंद असलं म्हणजे कर्नलमध्ये नियम नाहीत असं होत नाही. काही क्लाउडच्या उबुंटू इमेजमध्ये आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम आधीपासून भरलेले असतात आणि यूएफडब्ल्यूला त्यांचा पत्ताही नसतो. हे चालवा आणि जे येईल ते इथे टाका: सुडो आयपीटेबल्स -एल इनपुट -एन --लाइन-नंबर्स (एल कॅपिटल).

झटपट_बंड्या
एवढं कशाला, सुडो आयपीटेबल्स -एफ करा, सगळे नियम साफ. एका मिनिटात सुटेल. मी प्रत्येक नव्या मशीनवर पहिलं हेच करतो.

गोदाकाठ
@कृष्णाकाठ, हे अजिबात करू नका. इनपुटची (आत येणाऱ्या पॅकेटची) मूळ पॉलिसी ड्रॉप (टाकून द्या) असेल तर नियम पुसल्या क्षणी तुमचं एसएसएचसुद्धा तुटेल आणि परत आत जायला वाट राहणार नाही. शिवाय काही इमेजमध्ये बूट डिस्क नेटवर्कवरून आयस्कझीनं जोडलेली असते आणि तिच्यासाठीचे नियम याच यादीत असतात. सभेच्या तोंडावर मशीन बूटच झालं नाही तर काय करणार? बंड्या, तुमच्या मशीनवर चाललं असेल, पण न बघता दुसऱ्याला असा सल्ला देऊ नये.

झटपट_बंड्या
बरं, पॉलिसी आधी ॲक्सेप्ट करून मग साफ करा. आयस्कझीचं मला माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ
हे आलं. पोर्टचे नियम आधीच आहेत, एका व्हिडिओत बघून मी टाकले होते:

१ ॲक्सेप्ट, रिलेटेड-एस्टॅब्लिश्ड
२ ॲक्सेप्ट, आयसीएमपी
३ ॲक्सेप्ट, ऑल
४ ॲक्सेप्ट, टीसीपी डीपीटी:२२
५ रिजेक्ट, ऑल, रिजेक्ट-विथ आयसीएमपी-होस्ट-प्रोहिबिटेड
६ ॲक्सेप्ट, टीसीपी डीपीटी:८०८०
७ ॲक्सेप्ट, टीसीपी डीपीटी:५४३२

सहाव्या ओळीत ८०८० ॲक्सेप्ट दिसतंय ना? मग?

पोर्टवाला
पाचवी ओळ वाचा. नियम वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला लागू पडतो तिथेच निकाल लागतो. तुमचं पॅकेट पाचव्या ओळीवरच परत पाठवलं जातं, सहावीपर्यंत पोचतच नाही. तिसरी ओळ 'सगळ्यांना ॲक्सेप्ट' वाटते, पण ती लूपबॅकपुरती असणार. -व्ही लावलंत तर तिथे इंटरफेस म्हणून लो (लूपबॅक) दिसेल. व्हिडिओत -ए असणार. -ए नियम यादीच्या तळाशी जोडतो. इथे -आय पाहिजे, कॅपिटल, जागेच्या क्रमांकासह:

सुडो आयपीटेबल्स -आय इनपुट ५ -पी टीसीपी --डीपोर्ट ८०८० -जे ॲक्सेप्ट

म्हणजे नवा नियम पाचवा होईल आणि रिजेक्ट सहावा. चालवल्यावर लॅपटॉपवरून पुन्हा कर्ल करा.

ग्रंथपाल_मावशी
मधेच बोलते. वाचनालयासाठी नवं ॲप करायचा एवढा खटाटोप का? एनआयसीचं (केंद्र सरकारच्या माहिती केंद्राचं) ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे. कोहा आहे, पूर्ण फुकट, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० पासून वापरात आहे. दाखल क्रमांक, वर्गांक, वाचकांची खाती, सगळं त्यात आहे. तुमचं वाचनालय शासनमान्यतेच्या 'ड' वर्गातून 'क' मध्ये जाईल तेव्हा तपासणीला नोंदी नीट लागतील, त्याचा आत्ताच विचार करा.

कृष्णाकाठ
उघडलं!!! मोबाइल डेटावरूनही उघडलं! पोर्टवाला, मनापासून आभार. काल रात्रभर झोप नव्हती.

मावशी, कोहा बघितलं होतं. आमच्याकडे देवघेव करणाऱ्या काकांना एकच पडदा हवा, दाखल क्रमांक टाकला की पुस्तक कुणाकडे आहे ते दिसावं, बस. जोडाक्षरं नीट शोधता यावीत म्हणून शोध स्वतः लिहिलाय. कोहा आमच्या दोन खोल्यांच्या वाचनालयाला फार मोठं पडतं.

पोर्टवाला
छान. अजून दोन कामं राहिलीत, ती आजच करा. एक, हा नियम आत्ता फक्त मेमरीत आहे. मशीन रीबूट झालं की जाईल. सुडो नेटफिल्टर-पर्सिस्टंट सेव्ह करा, मग रीबूट करून पुन्हा तपासा. सभेच्या आधी, सभेत नाही.

दुसरं, यादीतला ५४३२ चा नियम काढून टाका. तो पोस्टग्रेस डेटाबेसचा. डेटाबेस त्याच मशीनवर आहे ना? मग ॲप त्याच्याशी लोकलहोस्टवरूनच बोलतंय आणि बाहेर उघडायची काहीच गरज नाही. आज तो रिजेक्टच्या खाली आहे म्हणून चालत नाहीये, एवढंच. क्लाउडच्या वेबसाइटवरही ५४३२ उघडलं असेल तर तेही बंद करा. वाचकांची नावं आणि फोन नंबर त्यात आहेत, ते इंटरनेटवर उघडे टाकायचे नाहीत.

न्यूजर्सीकर
आयसीएमपीची ही भानगड मला माहीत नव्हती. माझ्या जुन्या मशीनची बाइंडव्ही६ओन्ली तपासली, तिथे खरंच एक निघालं. तुमचं बरोबर होतं.

जुना_टॉमकॅट
८०८० असाच उघडा ठेवू नका. पुढे एनजिनेक्स (ॲपच्या दारात उभा राहणारा वेब सर्व्हर), त्यात एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आणि बाहेर फक्त ४४३. वाचकांचे पासवर्ड साध्या एचटीटीपीवरून जाऊ नयेत.

गोदाकाठ
याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. तसं केलं की मगाशी विचारलेली ती १२७.०.०.१ ची ओळ मुद्दाम टाका, म्हणजे ॲप फक्त एनजिनेक्सला उत्तर देईल. ४४३ साठी क्लाउडवर आणि आयपीटेबल्समध्ये, दोन्हीकडे नियम लागेल, रिजेक्टच्या वर. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं घेणार असाल तर नेहमीच्या पद्धतीत डोमेन लागतं आणि पडताळणीसाठी ८० सुद्धा उघडावं लागतं.

कृष्णाकाठ
सेव्ह केलं, रीबूट केलं, चालतंय. ५४३२ दोन्हीकडून काढलं. एनजिनेक्स सभेनंतर करते. सभेत नमुना म्हणून खोटे वाचक भरलेत, खरी नावं नाहीत.

सह्याद्री_डेव्ह
धागा चालू आहे तर माझंही विचारतो. जावा ८ वरून १७ वर आलो आणि सर्व्हरवरचं रिमोट डीबगिंग (तिथला चालू कोड लॅपटॉपवरून तपासणं) बंद पडलं. ॲड्रेस=५००५ पूर्वीसारखंच दिलंय. आयपीटेबल्स रिकामं आहे, आत्ताच बघितलं. लॅपटॉपवरून 'रिफ्यूज्ड' येतं.

पोर्टवाला
रिफ्यूज्ड आहे म्हणजे ऐकणारा नाही, निदान त्या पत्त्यावर तरी. जावा ९ पासून नुसता पोर्ट दिला तर डीबगर फक्त लोकलहोस्टवर बसतो. *:५००५ लिहिलं की पूर्वीसारखं सगळीकडे ऐकेल, पण ते करू नका. त्या पोर्टला पासवर्ड वगैरे काही नसतो, जो जोडला जाईल तो तुमच्या जेव्हीएममध्ये (जिथे जावा ॲप चालतं तिथे) हवा तो कोड चालवू शकतो. आहे तसंच ठेवा आणि एसएसएचचा बोगदा काढा: एसएसएच -एल ५००५:लोकलहोस्ट:५००५ आणि पुढे तुमचा यूजर आणि सर्व्हर. इथला एल कॅपिटल. मग आयडीईमध्ये (कोड लिहायच्या साधनात) होस्ट म्हणून लोकलहोस्ट द्या.

सह्याद्री_डेव्ह
'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणतंय.

गोदाकाठ
ते तुमच्या लॅपटॉपवरचं. तिथे आधीच काहीतरी ५००५ धरून बसलंय, बहुधा आयडीईत चालू राहिलेलं दुसरं डीबग सत्र. ते बंद करा, नाहीतर डावीकडचा आकडा ५००६ करा आणि आयडीईतही ५००६ टाका. उजवीकडचा तसाच राहू द्या.

सह्याद्री_डेव्ह
५००६ वर जोडलं गेलं. ब्रेकपॉइंटवर थांबतंय. धन्यवाद दोघांना.