अनुभव धागा : रत्नागिरीत काय खाल्लंत, काय पाहिलंत?

सुरंगी
आज मंडईत एका आजींच्या पाटीत ओले काजूगर दिसले. भाव ऐकून पावशेरच घेतले, पण घरी येईस्तोवर डोक्यात रत्नागिरी सुरू झाली ती थांबेना. म्हणून हा धागा.

नवीन लग्न झालेलं. निघालो होतो गणपतीपुळ्याला, तिथे खोली मिळाली नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांच्या ओळखीने रत्नागिरीत झाडगावात एका काकूंकडे उतरलो. सकाळी उठून बघते तर काकू मागच्या पडवीत विळी घेऊन बसलेल्या, बाजूला हिरव्या काजूबियांचा ढीग. बी उभी धरून दोन फाका करायच्या आणि टोकदार काडीने आतला गर अख्खा उचलायचा. हातांना खोबरेल तेल चोपडलेलं, तरी बोटांची टोकं काळी पडलेली. तो चीक अंगावर उडाला की कातडी भाजते. मी मदतीला बसायला गेले तर म्हणाल्या, "नको गं बाई, हात काळे घेऊन सासरी जाशील." मग मला गरम पाण्यात टाकलेले गर सोलायला दिले. चिमटीत धरला की साल आपोआप सुटून येतं.

उसळीत कांदा नाही, लसूण नाही. ओलं खोबरं, गोडा मसाला, आमसुलं आणि गुळाचा खडा. मी सोलापूरची. काजू म्हणजे दिवाळीला डब्यातून मोजून मिळणारा. इथे वाटीभर, मऊ, दुधाळ, आणि सोबत उकड काढून केलेली तांदळाची भाकरी. ज्वारीवर वाढलेल्या मला ती भाकरी पहिल्याच घासाला आवडली, आणि हे मी माहेरी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी भाट्याच्या पुलावर गेलो. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. एका अंगाला राजिवड्याच्या होड्या, दुसऱ्या अंगाला सुरूचं बन आणि सरळ लांबलचक किनारा. दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला १९१० ला, राजा वारला १९१६ ला. तीस वर्षांच्या कैदेतली शेवटची सहाच वर्षं त्याला या वाड्यात मिळाली. त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांमधून बाहेर बघताना मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

रत्नागिरी हे पुळ्याला जाताना चहा प्यायला थांबायचं गाव नव्हे, एवढंच माझं म्हणणं. तुमचे अनुभव लिहा. शहरातले, आसपासचे, दुसऱ्या कुठल्या बंदराच्या गावचे, सगळे चालतील.

राजिवडेकर
ताई छान लिहिलंत पण मासे कुठायत??

सुरंगी
दादा, तेव्हा मी खात नव्हते. आता खाते :)

राजिवडेकर
मग पुन्हा या. मिरकरवाडा बंदरात सकाळी लवकर जायचं, होड्या लागल्या की. पाट्या उतरतात, लिलाव पुकारतात, बर्फ फोडायचा आवाज. पायात चप्पल जुनी घाला. बांगडा घेताना हातात आडवा धरायचा, वाकला नाही पाहिजे, डोळा स्वच्छ, कल्ला लाल. सुरमई-पापलेट सगळेच मागतात. तुम्ही सौंदाळे मागा, कर्ली मागा. कर्लीला काटे फार, पण चव जी आहे ती काट्यातच.
आणि कालवं, खडकाला चिकटलेली शिंपली. ओहोटी लागली की आमच्याकडच्या बाया कोयती घेऊन खडकांवर जातात. एकेक कालव फोडून गर डब्यात. कंबर मोडते, हात कापतात, आणि दुपारपर्यंत जमतो एवढासा डबा. माझी आई करायची हे. बाजारात कालवं महाग म्हणून कोणी घासाघीस करायला लागलं की मला राहवत नाही, मी मध्ये बोलतो. त्यांना द्या हो मागतील तेवढे.

घाटावरची
राजिवडेकर दादा शेवटची ओळ +१

तिरफळ
काजूच्या उसळीत गोडा मसाला???? कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटप केल्याशिवाय ती उसळ नाही. आमच्या घरी तर वर गरम मसाला पण.

सुरंगी
तुमच्याकडची तुमची, काकूंची काकूंची. दोन्ही पाठवा, मी दोन्ही खाते.

तिरफळ
हे बरं आहे 😄 बांगड्याच्या कालवणाला मात्र तिरफळंच. ठेचून टाकायची, खायची नाहीत. पाहुणे चावतात आणि मग जीभ बधिर झाली म्हणून घाबरतात. आधी सांगून ठेवावं लागतं.

आजोळ_झाडगाव
झाडगाव वाचलं आणि हातातलं काम ठेवलं. माझं आजोळ. आजी गेल्यापासून घर बंद आहे, मामा वर्षातून एकदा कौलं शाकारायला माणूस लावतो तेवढंच. पडवी, विळी, काळी बोटं, सगळं तसंच. आजी चीक लागू नये म्हणून राख पण लावायची. जास्त लिहवत नाही आज.

सुरंगी
अगं... सावकाश लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

चिऊची आई
@आजोळ_झाडगाव मिठी तुला 🤗
मी कुकर लावून लिहितेय. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो गेल्या मे मध्ये. झाडगावचं मत्स्यालय कोणीच नाही लिहिलं! देवमाशाचा सांगाडा आहे तिथे. आमची चिऊ त्याच्याखाली उभी राहून वर बघत राहिली, हलेचना. नंतर घरी येऊन वहीत फक्त देवमासेच. खाण्यात तिला सांदणं आवडली, आंब्याच्या रसातली, तांदळाच्या रव्याची, वाफवलेली. नारळाच्या दुधात बुडवून खाल्ली. शिटी झाली, येते.

बोटीचा प्रवासी
तुम्ही सगळी रेल्वेनंतरची मंडळी दिसता. मी बोटीने रत्नागिरीला गेलेला माणूस आहे. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. वळकटी टाकून डेकवर जागा धरायची. रात्री वारा असा की चादर उडायची. कुणाला बोट लागली की शेजारचे लिंबू पुढे करायचे, ओळख असो नसो. रत्नागिरीला बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब पाण्यात उभी राहायची. मग पडाव यायचे. बोटीच्या दारातून खाली हलणाऱ्या पडावात उतरायचं, लहान मुलांना खलाशी हातोहात झेलायचे. माझ्या आईने त्या वेळी डोळे मिटून घेतलेले मला आठवतात. पावसाळ्यात बोटी बंद, की मग एस्टीने घाट उतरून या.

पडावातून किनाऱ्याकडे येताना डाव्या हाताला रत्नदुर्ग दिसायचा. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी समुद्र, टोकाला दीपगृह. जमिनीवरून किल्ला बघणं वेगळं आणि पाण्यातून बघणं वेगळं. पाण्यातून बघितलं की कळतं तो तिथे का बांधला.

मामा मांडवीला न्यायला यायचा. घरी पोचल्यावर आधी आंघोळ, मग मऊ भात, मेतकूट, तूप आणि पोह्याचा पापड. प्रवासातून आलेल्याला दुसरं काही वाढत नसत. संध्याकाळी कुळथाची पिठी. मी मुंबईत पुष्कळ ठिकाणी पिठी खाल्ली. तो दाट खमंग वास मामीच्या चुलीवरच्या पिठीलाच होता.

घाटावरची
काका किती सुंदर लिहिलंत!! अजून लिहा ना

पेठेतला
काका, भाडं किती होतं बोटीचं?

बोटीचा प्रवासी
आठवत नाही. वडील काढायचे तिकीट.

घाटावरची
आम्ही पक्के शाकाहारी. कोकणात गेलं की सगळे मासेच सांगतात. खरंच काही मिळतं का आमच्यासारख्यांना?

सुरंगी
काही मिळतं का? अगं तुझी चंगळ आहे! कुयरीची भाजी (कोवळा फणस), केळफूल, वालाच्या डाळिंब्या, अळूचं फतफतं, आमसुलाचं सार, घावन आणि नारळाची चटणी, उकडीचे मोदक. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, ऐन वेळी गेलं तर मग साधं ताट मिळतं. बाहेरच्या मोठ्या हॉटेलात पनीर मागवायला कोकणात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

पेठेतला
पनीरवाल्या मतावर सही.
मी पतितपावन मंदिर आणि टिळकांचं जन्मस्थान बघायला म्हणून गेलो होतो. टिळक आळीतलं घर, जांभ्या दगडाचं, कौलारू. टिळक १८५६ ला तिथे जन्मले. आत गार वाटतं भर उन्हाळ्यात. पतितपावन १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सगळ्या जातींना खुलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. इतिहासाचं माणूस असेल तर दोन्ही चालत होतात. खाण्याचं म्हणाल तर मी फक्त आंबे खाल्ले, पेटी आणली आणि अर्धी गाडीतच संपली.

जांभा
सगळे मार्च-मे बद्दल लिहितायत. मी पावसात गेलेलो, जुलै. ताज्या समुद्री माशाची अपेक्षा ठेवू नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, माशांची वीण चालू असते. ही बंदी पाळायलाच हवी, नाहीतर पुढच्या वर्षी काय खाणार. त्या दिवसांत सुकं खा. सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी, सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून वर कच्चं खोबरेल. आणि रानभाज्या! टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. बाजारात बाया जुड्या घेऊन बसतात, कशी करायची ते पण सांगतात. मला एका मावशींनी भारंगीचं पाणी उकळून टाकायचं कसं ते उभ्या उभ्या शिकवलं, नाहीतर कडू लागते.
आरे-वारेचा रस्ता पावसात बघा. गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा. एका बाजूला हिरवा डोंगर, खाली दोन किनारे, समुद्र मातकट आणि खवळलेला. गाडी बाजूला लावून छत्री उलटी होईपर्यंत उभे होतो. पाण्यात मात्र उतरू नका. तिथे माणसं बुडालेली आहेत. पोहता येतं म्हणून उतरणाऱ्यांना पण सांगतोय.

राजिवडेकर
जांभा भाऊ बरोबर बोलले. लोक ऐकत नाहीत. आम्ही पाण्यातली माणसं, आम्ही पण त्या दिवसांत उतरत नाही.

मंगळुरी मराठी
बंदराचं दुसरं गाव चालेल म्हणालात म्हणून. नोकरीसाठी मंगळूरला आहे. मत्स्यगंधाने येताना रत्नागिरी स्टेशन दर वेळी लागतं, उतरायचं राहूनच जातं. इथे नीर दोसा खाल्ला तेव्हा मला आईचं घावनच आठवलं, फक्त हा अजून पातळ. कोरी रोटी म्हणजे तांदळाची कुरकुरीत कोरडी रोटी, वर कोंबडीचा रस्सा ओतायचा, भिजली की हाताने खायची. पहिल्यांदा मी रोटी पापड समजून नुसतीच खात बसले होते, शेजारच्या टेबलावरच्या आजींनी कन्नडमध्ये काहीतरी म्हणत स्वतः माझ्या ताटात रस्सा ओतला. सुलतान बत्तेरीपासून होडीने पलीकडे तण्णीरभावीला जाता येतं, रविवारी आमचा ठरलेला कार्यक्रम.

चिऊची आई
होडीत बसायला मिळतं? चिऊला दाखवू नका हे 😂

तिरफळ
मंगळूरचं ते थरांचं आइस्क्रीम गडबड नावाचं, खाल्लंत का

मंगळुरी मराठी
न खाऊन सांगता कोणाला!

आजोळ_झाडगाव
आले परत. एक लिहायचं होतं. आजी गणपतीत हळदीच्या पानांतले पातोळे करायची. पानं मागच्या दारी लावलेली असायची, आम्हा मुलांना आणायला पाठवायची, आणि फाटकं पान आणलं की परत पाठवायची. वाफ निघाली की वास थेट रस्त्यापर्यंत. सुरंगी तू ज्या काकूंकडे उतरलीस त्यांचं घर विहिरीजवळ होतं का गं? उगाच विचारतेय.

सुरंगी
विहीर होती मागे. पण झाडगावात विहीर नाही असं घर कुठलं गं... तुला व्यनि (खाजगी निरोप) करते, नाव विचारायचंय.

घाटावरची
असं झालं तर किती छान!!

चिऊची आई
मी जातेय पुन्हा मे मध्ये, सासूबाई सोबत आहेत, गुडघे दुखतात. रत्नदुर्ग जमेल का? तिकिटं कधी काढू?

राजिवडेकर
गाडी वरपर्यंत जाते, पुढे देवळापर्यंत पायऱ्या आहेत. संध्याकाळी न्या, ऊन नको. नाहीच जमलं तर मांडवीला बसवा, तिथून किल्ला दिसतो, बाजूला भेळ आहे.

पेठेतला
आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. मे ची तिकिटं मार्चमध्येच संपतात, सकाळी आठला बसा लॉगिन करून. मांडवी एक्सप्रेस मिळाली तर डबा नेऊ नका, गाडीतच खा.

चिऊची आई
आठला तर चिऊचा डबा असतो. नवऱ्याला बसवते.